यांना मालिका सांगताना

परवा शेजारच्या बाईंनी कुंपणापाशी गाठलं. "ती घोडेवाल्यांची इंग्रजी मालिका तुम्ही दोघांनी पाहिली म्हणे. चांगली आहे का हो? बघावी का?"

"बघा की," म्हणून मी आत आले. खरं उत्तर द्यायला तासभर लागला असता, आणि तासभर उभं राहण्याचं बळ त्या दिवशी माझ्यात नव्हतं. आता बसल्या बसल्या लिहिते.

माझे यजमान धारवाडच्या कोर्टात चाळीसहून जास्त वर्षं वकिली करत होते. काचबिंदूनं त्यांची नजर गेली. आधी कडा गेल्या, मग मधलंही धुरकट झालं, आणि दोन वर्षांत खिडकीचा उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच कळायचं उरलं. हुबळीच्या डॉक्टरांकडे आम्ही इतक्या खेपा केल्या की बसच्या कंडक्टरला आमचा स्टॉप पाठ झाला. एके दिवशी डॉक्टरांनीच सांगितलं, आता पुन्हा येण्याचा त्रास घेऊ नका. परत येताना हे बसमध्ये म्हणाले, "चला, एक केस निकालात निघाली." खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं, की आता दवाखान्याच्या त्या पायऱ्या चढायला नकोत.

त्यानंतर यांचे डोळे म्हणजे मी. सकाळी पेपर वाचून दाखवायचा, तोही दोन, एक मराठी आणि एक कानडी. पत्रं, औषधांची नावं, भाजीत काय आहे, दारात कोण आलंय, आकाश कसं आहे. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला होता. बोलण्याची सवय होती. पण शाळेत घंटा व्हायची.

यांच्या हाताखाली शिकलेला एक वकील दर रविवारी सकाळी येतो. आता त्याचेच केस पांढरे झालेत, पण यांच्यासमोर अजून खुर्चीच्या कडेवर बसतो. तो कानडी माणूस. आमच्याशी निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलतो. एका रविवारी तो आला तो त्या मालिकेनं झपाटूनच. "एंथा सीरियल ऐत्री सर! काय मालिका आहे!" म्हणाला. "अमेरिकेतलं जुनं गाव. कायदा नाही, पोलीस नाही. एक जज्ज महिन्यातून एकदा खेचरावर बसून येतो आणि दारूच्या दुकानात कोर्ट भरवतो. तुम्ही बघायलाच पाहिजे, सर..." आणि मग त्याची जीभ अडली. बिचाऱ्याचा चेहरा उतरला.

हे शांतपणे म्हणाले, "बघू की. ही आहे ना."

मुलगी पुण्याला असते. तिनं फोनवरून एकेक बटण सांगत टीव्हीवर ती मालिका लावून दिली. दुपारचा चहा झाला की चार वाजता, असं ठरलं. पहिल्या दिवशी मी चांगली तयारी करून बसले. चष्मा पुसला, पाण्याचा तांब्या जवळ घेतला.

मला वाटलं होतं, संवाद यांना कळतील. यांचं इंग्रजी माझ्याहून कितीतरी चांगलं. पण त्या गावातली माणसं तोंडात तंबाखू धरून बोलल्यासारखी बोलत. यांना दहातलं एक वाक्य लागेना. म्हणजे खाली अक्षरं उमटतील ती वाचून त्यांचं मराठी करायचं, आणि वर चित्रात काय चाललंय तेही सांगायचं. अक्षरं वाचावीत तर चित्र पुढे जायचं, चित्र सांगावं तर अक्षरं पुसली जायची. मग दर मिनिटाला थांबवायचं. पाऊण तासाचा भाग सव्वादोन तास चालला.

"एन आतु? काय झालं?" हे दर वेळी विचारायचे.

"चिखल आहे. सगळीकडे चिखल. दोन माणसं उभी आहेत."

"कशी उभी आहेत? भांडायला की बोलायला?"

"आता काय सांगू? उभी आहेत."

"साक्षीदार असलीस तर तुला एका मिनिटात पाडतील," ते म्हणाले, आणि हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसले.

शिव्यांची एक मोठी अडचण. त्या मालिकेत बायकासुद्धा श्वास घेतल्यासारख्या शिव्या देतात. पस्तीस वर्षं मी फळ्यावरचे वाईट शब्द डस्टरनं पुसले. ते आता माझ्याच तोंडून यायचे होते. मी सगळ्यांना मिळून एकच शब्द ठरवून टाकला.

"काय म्हणाला तो?"

"मुडद्या म्हणाला."

"मगाशी पण मुडद्याच म्हणाला होता."

"परत म्हणाला."

"अगं, एवढ्या मोठ्या गावात एकच शिवी?" हे म्हणाले. "मी सेशन कोर्टात उभा राहिलेला माणूस आहे. बायकांची जबानी घेताना कागदावर जे जे उतरवलंय ना, ते तुला माहीत नाही. सांग सरळ."

नाही सांगितलं. मग तेच अंदाजानं कानडीतल्या शिव्या भरायला लागले. त्या मी इथे लिहीत नाही, पण त्या अगदी चपखल बसत.

माझं माहेर हुबळीचं. दुर्गदबैलाच्या बाजारात अप्पांचं कापडाचं दुकान, आणि वर आमचं घर. मी आठ-नऊ वर्षांची असताना माझा थोरला भाऊ, अण्णा, मला रविवारी सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमाला न्यायचा. मोठ्या टोप्यांचे घोडेस्वार, धूळ, धाडधाड गोळ्या. आई कधी आली नाही. घर सोडून तिला कुठं जाता येत होतं? दुपारी ती तांदूळ निवडायला बसली की मी तिला सिनेमा सांगायची. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे न कळलेलं सगळं मी रचायची. कुणी मेलेलं आईला आवडायचं नाही, म्हणून माझ्या सिनेमात फारसं कुणी मरत नसे. आई म्हणायची, "हिच्या तोंडून ऐकलं की थेटरात जायचं कामच नाही." त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं जगले. सत्तरी ओलांडल्यावर तीच गोष्ट रोज चार वाजता छातीवर दगडासारखी बसेल असं वाटलं नव्हतं.

मालिका मला आवडत होती की नाही, तेच मला कळत नव्हतं. बस चालवणाऱ्याला रस्त्यावरची झाडं आवडतात का, असं विचारल्यासारखं ते. एक गोष्ट मात्र मी बघत होते. त्या गावात एक खाणावळ आहे. तिथे मागच्या बाजूनं एक बाई कायम घाण पाण्याच्या बादल्या घेऊन जाताना दिसते. तिला एकही वाक्य नाही. पुढे माणसं एकमेकांवर बंदुका रोखत असतात आणि मागून ही बादली घेऊन जाते. यांना मी तिच्याबद्दल कधी सांगितलं नाही, कारण गोष्टीत तिचं काही कामच नव्हतं. पण ती आली की मी अक्षरं वाचायची विसरायची.

यांचा जीव मात्र त्या दारूच्या दुकानातल्या कोर्टात. जज्जानं एकाला सकाळी पकडून संध्याकाळी फाशी दिलं तेव्हा हे खुर्चीतून उठून उभे राहिले.

"वकील कोण होता त्याचा?"

"कुणी नव्हता."

"साक्षी?"

"एकच. दारू प्यायलेला."

"आणि अपील?"

"कसलं अपील? लटकवलासुद्धा."

"थांबव. थांबव ते," म्हणाले. मग अंगणात जाऊन आले. काठी टेकत पेरूच्या झाडापर्यंत गेले आणि परत आले. "लाव पुढे," म्हणाले.

त्या कोर्टात एक लंगडा कारकून आहे. जज्ज काय वाटेल ते बोलो, हा ते सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. कागद ओला होऊ नये म्हणून कोटाच्या आत धरतो. हा कारकून यांचा लाडका झाला. "त्या लंगड्याचं काय?" हे दर भागाच्या सुरुवातीला विचारत. "त्यानं लिहून ठेवलंय ना, मग कधीतरी न्याय होईल. कागद असला की होतो."

सहाव्या भागात त्या कारकुनाला चार माणसं चिखलात पाडून मारतात. फार वेळ मारतात. कुणी बोलत नाही, त्यामुळे खाली अक्षरंच नाहीत. सगळं चित्रातच.

त्या दिवशी सकाळपासून माझी पाठ धरली होती. कामवाली आली नव्हती. दोन्ही पेपर वाचून झाले होते, जुन्या एका केसचे कागद शोधून वाचून झाले होते, घसा बसला होता.

"एन आतु?" हे म्हणाले.

मी पडद्याकडे बघितलं आणि म्हटलं, "लंगडा गाव सोडून चाललाय. घोडागाडीत बसला. कागद बरोबर घेतलेत."

"एवढा आवाज कसला येतोय?"

"गाडी चिखलात रुतलीय. माणसं ढकलतायत."

"निघाली का?"

"निघाली."

"बरं झालं," हे म्हणाले. "शहाणा आहे तो."

एकदा सुरू झालं की थांबत नाही. पुढच्या भागात त्याचं थडगं दाखवलं. मी म्हटलं, कुणाचं तरी आहे. एकानं त्याचं नाव घेऊन डोळे पुसले; मी म्हटलं, आठवण काढतोय. आठव्या भागापर्यंत मी अख्खे प्रसंग गिळायला लागले. "घोड्यावरून जातायत, जातायत" असं म्हणत मी दोन-दोन मिनिटं डोळे मिटून बसायची. हे गप्प ऐकायचे.

मग रविवार आला, आणि तो वकील आला. "कुठवर आलात सर?" त्यानं विचारलं. यांनी सांगितलं. तो म्हणाला, "मग त्या कारकुनाचं बघितलंत की! काय मारलं हो त्याला. मला तर त्या दिवशी जेवणच गेलं नाही, अक्का."

मी कपबशा उचलत होते. उचललेली बशी परत खाली ठेवली. हे म्हणाले, "हौदु, खरंय. वाईट झालं." आणि दुसराच विषय काढला. तो जाईपर्यंत कोर्टातल्या गप्पा मारत राहिले.

तो गेल्यावर म्हणाले, "इथं बस."

मी बसले.

"घोडागाडीला घोडे किती होते?"

"दोन," मी म्हटलं. मग म्हटलं, "गाडी नव्हतीच."

"माहीत होतं," हे म्हणाले. "माझे डोळे गेलेत, कान नाही. माणसाला लाथ मारल्याचा आवाज आणि चाक ढकलल्याचा आवाज मला वेगळा कळत नाही होय? पण तू म्हणालीस गाडी, म्हणून मी गाडी मानली. कानांवर नाही ठेवला विश्वास, तुझ्यावर ठेवला."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..." मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. हात चाचपत त्यांनी माझं मनगट धरलं. "तसं असेल वाटलंच मला," म्हणाले. "पण पुढे असं करू नकोस. वाईट वाटू दे मला."

तिथेच ते संपलं असतं. त्या दुपारी यांनी मालिका लावायला सांगितलं नाही. मी आतल्या खोलीत पडून राहिले, पण झोप लागली नाही. जे माझं नव्हतं त्याचं श्रेय पदरात पडलं होतं, आणि ते टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडला. पहिलं शीर्षक वाचलं आणि थांबले. "काल मी खोटं बोलले," मी म्हटलं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नव्हतं ते. मी दमले होते. एवढं सगळं सांगायचं त्राण नव्हतं. गाडी सांगायला सोपी होती."

हे काठीची मूठ चाचपत बसले.

"पेपरातलंही मी गाळते," मी म्हटलं. आता आलंच होतं तोंडात. "लांबलचक बातमी असली की निम्मी वाचते. खाली काही नाही म्हणून सांगते."

"किती दिवसांपासून?"

"बरेच. मालिकेच्याही आधीपासून."

यांनी हात पुढे केला. मला वाटलं, माझा हात हवाय. पण त्यांनी माझ्या मांडीवरचा पेपर घेतला, चार घड्या घातल्या आणि बाजूला ठेवला. "आज राहू दे," म्हणाले. काठी घेऊन अंगणात गेले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. पेरूखालच्या कट्ट्यावर बसले होते, फोन कानाला लावून. कुणाशी बोलतायत ते ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, त्या वकिलाला माझं गाऱ्हाणं सांगतायत. रागही आला, आणि रागवायचाही कंटाळा आला.

फोन मुलीला होता, हे मला नंतर तिच्याकडून कळलं. ते तिला म्हणाले होते, "तुझी आई दिवसभर बोलते. तिला बोलावं लागणार नाही असं काहीतरी बघ. मला आधी सुचायला हवं होतं. मी ऐकत बसलो, आणि तिला काय पडतंय ते मोजलंच नाही."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "आई, टीव्ही लाव," म्हणाली, आणि एकेक बटण सांगायला लागली. पाचव्या-सहाव्या बटणानंतर टीव्हीतून एक पुरुषाचा आवाज आला. इंग्रजी, पण स्वच्छ, सावकाश, बातम्या वाचल्यासारखा. पडद्यावर एक माणूस दार उघडत होता, आणि तो आवाज सांगत होता की एक माणूस दार उघडतो आहे.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असतं ते. चित्रात काय चाललंय ते सांगतात."

"पहिल्यापासून होतं?"

"होतं गं. मला माहीत नव्हतं."

आठ भाग. रोज दोन-सव्वादोन तास. मी तिथेच खुर्चीत बसले आणि मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. त्याचं नाव काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता यांनी सहावा भाग पुन्हा लावायला सांगितला. मी लावून दिला आणि स्वयंपाकघरात गेले. त्या आवाजानं कारकुनाचं मरण चार-पाच वाक्यांत सांगितलं. ना घाई, ना कंटाळा. मला नाही म्हटलं तरी लागलं. एवढंच तर सांगायचं होतं, आणि तेवढंही मला जमलं नव्हतं. मी आत जाऊन आडवी झाले. जाग आली तेव्हा अंधारून आलं होतं. दिवा लावला नव्हता. यांना त्याची गरज नव्हती. हे टीव्ही बंद करून बसले होते.

"झोपलीस?" म्हणाले.

"हं."

"कागद त्यानं शेवटपर्यंत सोडले नाहीत," हे म्हणाले. "तू ते तरी खरं सांगितलं होतंस."

उरलेले भाग यांनी एकट्यानं ऐकले; त्या माणसांच्या बोलण्याची एव्हाना त्यांच्या कानाला सवय झाली होती. पेपरचं म्हणाल, तर आता मी फक्त शीर्षकं वाचते आणि हे निवडतात, तेवढंच पूर्ण वाचते. तीन-चार बातम्या. साकु म्हटलं की साकु, पुरे म्हणजे पुरे. यांनी म्हटलं तरी आणि मी म्हटलं तरी.

तर बघावी का? शेजारच्या बाईंना मी आता सांगितलं असतं, बघा, पण जेवताना बघू नका. चिखल खरा आहे. माणसं मळकी आहेत, दात किडलेले आहेत, कुणी उगाच सज्जन नाही. मरण तर इतकं खरं दाखवलंय की बघवत नाही. पण एक त्यांना जमलेलं नाही. त्या गावात माणूस आजारी पडला की एका भागात मरतो, नाहीतर एका भागात बरा होतो. दोन वर्षं कुणी अंथरुणाला खिळून नाही, दोन वर्षं कुणी कुणाचा हात धरून न्हाणीघरात नेत नाही. गोळी झाडणारा दिसतो, पण त्या गोळीनं पांगळं झालेल्याची लुंगी रोज कोण धुतं ते दिसत नाही. त्यांना ते माहीत नसेल असं नाही. पण त्यात काही घडत नाही ना. घडत नाही ते कोण बघणार?

आता त्या मालिकेचा दुसरा सीझन आलाय. हे चार वाजता लावतात. बटणं त्यांना पाठ झालीत. मी कधी कधी शेजारी मेथी निवडत बसते. तोंड बंद ठेवून बघायला मिळतं, तर बऱ्यापैकी आवडायलाही लागलीय. परवा चौथ्या भागाला मला खुर्चीतच डुलकी लागली. जागी झाले तेव्हा मांडीवरची मेथी खाली सांडली होती आणि टीव्हीचा आवाज अगदी बारीक झाला होता, इतका की तो सांगणारा माणूस नुसता कुजबुजत होता.

"आवाज का कमी केला?" मी विचारलं.

"तू घोरत होतीस," हे म्हणाले. "म्हटलं झोपू दे."

"मग तुम्हाला काही ऐकू आलं का?"

"नाही."

मागे नेऊन पुन्हा लावू का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पाचवा भाग लावला. चौथ्यात काय झालं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.